बोलता येईल इतक्या वेगाने

नोकरी सुटली की पगार निम्म्यावर येतो, हे सगळे सांगतात. बोलणं कितीवर येतं, हे कुणी सांगत नाही. मी टेलिफोन खात्यात होते. तरुणपणी ट्रंक एक्स्चेंजला, मग बिलाच्या काउंटरवर, शेवटी आतल्या ऑफिसात. कानात दिवसभर कुणाचा ना कुणाचा आवाज असायचा. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं, की दुपारचे बारा वाजले तरी दूधवाला आणि भाजीवाली सोडून आपण कुणाशी चार वाक्यं बोललेलो नाही. आमचे हे असतात घरात, पण पेपर वाचून होईपर्यंत बोलायचं नाही हा त्यांचा नेम लग्नापासूनचा आहे. मुलगा पुण्याला. फोन रोज येतो, पण तो हजेरीचा असतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवू का.

मग बेळगावात सगळे करतात तेच मीही केलं. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात फिरायला जाऊ लागले. जागा सुरेख, झाडं जुनी, हवा तर काय, साडेसातशे मीटर उंचीवरच्या गावची. सकाळी तिथं इतके पेन्शनर गोळा होतात, की कुणी मोजायला बसलं तर अर्धं टिळकवाडी निघेल. पण ते सगळं चालणं गोल. एक जण पुढे, दुसरा मागे, समोरून येणाऱ्याला मान हलवायची, पुढच्या फेरीत परत तोच आला तर आता काय करायचं म्हणून झाडाकडे बघायचं. हिरव्या स्वेटरच्या एक बाई होत्या. त्यांच्या बुटांचा आवाज मला ओळखू यायचा, त्यांच्या सुनेचं कुठं बिनसलंय तेही फोनवरच्या बोलण्यातून कळलं होतं. नाव मात्र आजतागायत माहीत नाही.

व्यायाम झाला, नाही असं नाही. साखर थोडी उतरली. पण पावसाळा लागला की सुट्टी, पाहुणे आले की सुट्टी, नुसता कंटाळा आला तरी सुट्टी. कुणी वाट बघणारं नसेल तर माणूस अंथरुणातून का उठेल? माझ्या मते साठीनंतर चालणं टिकतं ते डॉक्टरांच्या धाकानं टिकत नाही. सहा वाजता आरपीडी क्रॉसला चार माणसं छत्र्या घेऊन उभी असतील आणि आपण नाही गेलो तर दिवसभर आपल्या नावानं बोटं मोडतील, या धाकानं टिकतं.

आमचा हा रविवारी डोंगर चढणारा जथा कुणी स्थापन केलेला नाही. त्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. श्रावणी सोमवारी देवरवाडीच्या वैजनाथाला गेलेल्या काही मंडळींची तिथं पायऱ्यांवर गाठ पडली. दर्शन झालं, फराळाच्या पुड्या सुटल्या, आणि एक जण म्हणाला, वर महिपाळगड आहे, जाऊन येऊया की. बोलणारे एक निवृत्त सुभेदार. चंदगडकडचे, पलटणीत आयुष्य गेलेलं, आता मुक्काम बेळगावात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, जे वयानं त्यांच्याहून मोठे आहेत तेसुद्धा. महिपाळगड हा किल्ला आहे आणि गावही आहे. तटाच्या आत घरं, गोठे, शेणानं सारवलेली अंगणं. वर पोचल्यावर बेळगाव शहर पायाशी पसरलेलं दिसतं. आपण रोज ज्या गल्लीबोळात भांडतो, ते गाव एवढंसं, हे बघून बरं वाटतं.

त्या दिवशी चढावर काकांनी एक गोष्ट केली आणि पुढे तोच आमचा कायदा झाला. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, गोकाककडच्या, कन्नड शाळेतल्या. आम्ही अक्का म्हणतो. गुडघ्यानं बेजार. त्या मागे पडत होत्या आणि मागे पडल्या म्हणून धापा टाकत पुढे यायचा प्रयत्न करत होत्या. काकांनी सगळ्यांना थांबवलं आणि अक्कांना पुढे घातलं. म्हणाले, ‘आता ह्यांच्या पुढं कुणी जायाचं न्हाई. दमानं चला.’ आणि स्वतः गेले सगळ्यात शेवटी. अजूनही ते शेवटीच असतात. सगळ्यात हळू माणूस पुढे आणि सगळ्यात तगडा माणूस मागे. जोरात चालायची हौस असलेले दोघेतिघे पहिल्या महिन्यातच गळाले. गेले ते बरं झालं, असं मला मनापासून वाटतं. त्यांना डोंगर पाहिजे होता, आम्ही मधे येत होतो.

मध्यम व्यायाम म्हणजे नेमका किती, याची डॉक्टर मंडळी एक सोपी खूण सांगतात. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. गाता येत असेल तर तुम्ही रमतगमत चाललात, बोलताही येत नसेल तर जास्तच जोर लावताय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं अशा चालीचा व्यायाम सांगते आणि पासष्टीनंतर तोल सांभाळायचा नि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करा म्हणते. दगडधोंड्यांच्या वाटेवर तोलाचा व्यायाम वेगळा करावा लागत नाही, तो पावलापावलाला होतो. मला यातली गंमत वाटते ती अशी, की हृदयाला जी चाल मानवते, तीच गप्पांची चाल आहे.

यात अडचण फक्त आमच्या बुवांची. बुवा कंग्राळीचे, माळकरी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर दरसाल पायी करतात. ते चढावर अभंग म्हणतात. ऐन खड्या चढावर, खड्या आवाजात. आमच्यातले बँकेतून निवृत्त झालेले साहेब त्यांना एकदा म्हणाले, ‘बुवा, शास्त्राप्रमाणे तुमचा व्यायाम होतच नाही.’ बुवा म्हणाले, ‘मग थांबू काय?’ आणि पुढचं चरण घेतलं. खरं तर एकत्र चालण्याचं हे खूळ आम्हाला कुणी बाहेरून आणून दिलेलं नाही. दिंडी म्हणजे दुसरं काय असतं? रांगा, चाल ठरलेली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांभाळून घेणं, मुक्कामाला सगळे एका पंगतीला. आम्ही विठ्ठलाच्या जागी गड घातलाय इतकंच. बुवांना हे बोलणं आवडत नाही.

बँकेतल्या साहेबांचं सांगायला हवं. आले तेव्हा मनगटावर पावलं मोजायचं घड्याळ. दहा हजार झाल्याशिवाय बसमध्ये चढायचे नाहीत. राकसकोपच्या धरणावर सगळे बसलेत आणि साहेब बांधावर येरझाऱ्या घालताहेत, असं चालायचं. हा दहा हजारांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला काढलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलेला आहे, डॉक्टरांच्या कुठल्या प्रयोगातून नाही, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते दोन रविवार माझ्याशी बोलले नव्हते.

तर हे साहेब पहिल्यापहिल्यांदा फक्त आपल्या बदल्या आणि प्रमोशनं सांगायचे. अमुक साली हुबळी, तमुक साली दावणगेरे. आम्ही ऐकायचो, चढावर कुणीतरी बोलत असलं की बरं असतं. मग एकदा पावसाळी सकाळी, वाट निसरडी, सगळ्यांच्या नजरा पायांकडे, ते मधेच म्हणाले, निवृत्त झाल्यावर काही महिने मी रोज साडेदहाला डबा घेऊन घरातून निघत होतो. घरी सांगितलं होतं, सल्लागार म्हणून बोलावतात. वाचनालयात बसायचो, तिथंच डबा खायचो, साडेपाचला घरी.

कुणी थांबलं नाही. कुणी मागे वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही, बघता आलंच नसतं, घसरलो असतो. पाचदहा पावलं तशीच गेली. मग पुढून आमच्या मिस्त्रींचा आवाज आला, ‘डब्यात काय असायचं?’

‘चपाती-भाजी,’ साहेब म्हणाले. ‘बुधवारी उप्पीट.’

आणि सगळे हसले, साहेब सगळ्यात जास्त. हीच गोष्ट ते माझ्या बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर, हातात चहाचा कप घेऊन सांगू शकले असते असं मला वाटत नाही. समोरासमोर बसलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते दिसतं, आणि मग सांगणारा आवरतं घेतो. चालताना समोर फक्त वाट असते. गप्प राहिलं तरी चालतं, विषय अर्धा सोडला तरी चालतं. ओढा आला, बोलणं तुटलं, ओढा ओलांडला, परत जुळलं. पुरुषांना तर ह्या सोयीची फार गरज असते. आमच्या पिढीतले पुरुष बसून बोलायला शिकलेच नाहीत, त्यांना हाताला नाहीतर पायाला काम पाहिजे.

बायकांची गोष्ट वेगळी. आम्हाला बोलता येतं, निघता येत नाही. रविवार म्हणजे सगळे घरी असण्याचा वार, म्हणजे बाईनं घरात असण्याचा वार. माझी एक मैत्रीण, ह्याच वाटेवर झालेली, पहिलं वर्षभर घरी ‘देवाला जाते’ सांगून यायची. खोटं नव्हतं ते. आमच्याकडे देवाशिवाय डोंगर नाही. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर सिद्धेश्वर, देवरवाडीला वैजनाथ, उचगावला मळेकरणी, कणकुंबीला माउली. सासूबाईंना वाटायचं, सून उतारवयात फार धार्मिक झाली.

मग 2023 च्या जूनमध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली, साध्या सरकारी बसमधून बायकांना प्रवास फुकट. त्यानं आमच्या जथ्यात बायका एकदम वाढल्या. पैशाचा प्रश्न त्यातल्या बऱ्याच जणींना नव्हता. पण ‘कशाला उगीच खर्च’ हे घरचं एक वाक्य त्या दिवशी संपलं. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, ते पर्समध्ये नीट घडी करून ठेवायचं. पुरुषांना साठीनंतर पाव सवलत, तीही दाखला दाखवून. येळ्ळूरच्या बसमध्ये मिस्त्री दर वेळी म्हणतात, ‘पिशव्या त्यांच्या, जागा त्यांची, तिकीट तेवढं आमचं.’ हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात जायचं असेल आणि महाराष्ट्राची एसटी मिळाली, तर तिथं बायकांना अर्धं तिकीट. आमच्यातल्या दोघी-तिघी आता गड निवडताना आधी तो कुठल्या राज्यात आहे ते बघतात.

राज्याचा विषय निघालाच आहे, तर. बेळगावात माणसं जमवायची आणि सीमाप्रश्न काढायचा नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटणार नाही. आमच्यात 1956 च्या आधी जन्मलेले दोघे आहेत, मुंबई राज्यात जन्मलेले. काही जण दर 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या सायकल फेरीला जातात. त्याच दिवशी अक्का कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा लावलेल्या शाळेत पाहुण्या म्हणून भाषण करतात. महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा लावला तो 2004 मध्ये, आणि ज्या प्रश्नावर कोर्ट इतकी वर्षं बसलंय तो आपण राजहंसगडाच्या चढावर सोडवावा असं आमच्यातल्या कुणाला वाटत नाही. ठरवून बंदी घातलेली नाही. एकदा विषय निघाला, आवाज चढले, चढत्या वाटेवर चढे आवाज फार वेळ टिकत नाहीत, दोन्ही पक्षांना दम लागला आणि पाणी प्यायला थांबावं लागलं. त्यानंतर आपोआपच तो विषय सपाटीसाठी राखून ठेवलाय, आणि सपाटीवर येईपर्यंत भूक लागलेली असते.

एक प्रसंग मात्र मला सारखा आठवतो. कणकुंबीला गेलो होतो, जांबोटीच्या रस्त्यानं. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. इथून निघालेलं पाणी पूर्वेला जातं, कुडलसंगमला कृष्णेत मिसळतं आणि बंगालच्या उपसागरात पोचतं. आणि ह्याच खानापूर तालुक्यात म्हादई उगवते, ती पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. त्यावरूनही कर्नाटक-गोव्याचं भांडण आहेच, कळसा नाल्याचं पाणी वळवायला खणलेला कालवा तिथं बघायला मिळतो. बुवा कुंडाशी उभे होते. अक्कांनी त्यांना कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, बुवांना कन्नड समजतं पण ते बोलत नाहीत. ते मराठीत उत्तर देत राहिले, त्या कन्नडमध्ये विचारत राहिल्या. पंढरपूरचा विठ्ठल मूळचा कानडा, यावर चर्चा चालली होती. दोघांनाही एकमेकांचं पटत होतं, तरी दोघं वाद घालत होते. मला कळेना, हे भांडण आहे की काय आहे. शेवटी काकांनी मागून विचारलं, ‘भाकरी सोडायच्या काय?’

आणि भाकरी म्हटल्यावर सांगायलाच हवं. जवारीची भाकरी, शेंगाची चटणी, भरल्या वांग्याची भाजी, दही घट्ट बसलेलं. गोकाककडची कडक भाकरी अक्कांच्या डब्यात असते आणि ती आठ दिवस टिकते असा त्यांचा दावा आहे. आम्ही ती कधी आठ मिनिटं टिकू दिलेली नाही. हिवाळ्यात आमच्या पश्चिम भागातली रताळी कुणीतरी भाजून आणतं. सुगीच्या दिवसांत येळ्ळूर-वडगावच्या शिवारातून जाताना कापलेल्या भाताचा वास येतो, तो घेत घेत चालायचं.

जळवांचं मात्र कौतुक नको. जून ते सप्टेंबर कणकुंबी-चोर्ला पट्ट्यात पाचोळ्यावर पाय ठेवला की त्या हजर. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती ओला दोरा वाटली. मग तो दोरा एका टोकावर उभा राहिला, हवेत चाचपला, कमान करून पुढे सरकला आणि बुटाच्या नाडीच्या भोकातून आत गेला. आमच्या मिस्त्रींनी यावर तोड काढलीय. ते उद्यमबागेत फौंड्रीत ओतकामाचे पॅटर्न बनवायचे, हाताला कायम काम पाहिजे. त्यांनी आम्हा सगळ्यांना बांबूच्या काठ्या करून दिल्यात, प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे, खाली कुबडीला असतो तसला रबरी बूट. काठीच्या वरच्या टोकाला फडक्यात मीठ बांधलेलं. जळू दिसली की ती पुरचुंडी ओली करून टेकवायची, जळू गळून पडते.

एकदा त्यांच्याच पोटरीला लागली. मीठ लावलं, जळू पडली, पण रक्त काही थांबेना. अक्कांनी खडूशिवाय तास घेतला. जळू चावताना हिरुडिन नावाचं द्रव्य सोडते, त्यानं रक्त गोठत नाही, म्हणून ते वाहत राहतं, घाबरायचं नाही, दाबून धरायचं. मिस्त्री म्हणाले, ‘मग डॉक्टर मला गोळी कशाला देतोय, जळूच लावू दे की.’

‘कसली गोळी?’ काकांनी विचारलं.

रक्त पातळ करायची. हृदयाला स्टेंट घातलेला. इतके रविवार आम्ही एकत्र चढलो-उतरलो, आमच्या प्रत्येकाच्या काठीची लांबी ह्या माणसाला पाठ, आणि त्याच्या छातीत काय आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. काका त्या दिवशी चिडले. पुढच्या रविवारी त्यांनी प्रत्येकाला एक कार्ड भरायला लावलं. नाव, रक्तगट, आजार, गोळ्या, घरचा फोन. शर्टाच्या डाव्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत. बायकांनी पर्समध्ये चालणार नाही, पर्स कुठंतरी राहते, गळ्यात अडकवायचं. आता नवीन कुणी आलं की आधी कार्ड, मग चहा. शिवाय काही नियम आपोआप पडलेत. भीमगड अभयारण्यात, 2011 साली ते जाहीर झालं, वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. खानापूरच्या जंगलात अस्वलं आहेत, हत्ती येतात. तिथल्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं दुर्मिळ वटवाघूळ बघायची साहेबांना फार हौस आहे. पण काकांच्या मते वटवाघळाला आमची काही हौस नाही.

चढ लोकांना भिववतो, खरं गुडघ्यांची परीक्षा उतरणीला असते. चढताना छाती बोलते, उतरताना मांड्या. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. पावलं आखूड टाकायची, गुडघे थोडे वाकलेले, काठी आधी खाली टेकायची आणि मग पाय. घाईची गरज नसते, बस चुकली तर दुसरी येते. हे सांगायला सोपं, पण येळ्ळूरची बस दिसली की सगळे पंचविशीचे होतात.

रविवारची ही ओळख बाकीच्या सहा वारांत कशी शिरली, ते मला नीट सांगता येणार नाही. कुणाच्या मोतीबिंदूला कोण सोबत गेलं, कुणाच्या नातवाला कुणी गणित शिकवलं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. नोव्हेंबरचं मात्र सांगते. पेन्शनरांचा नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे सरकारला दरसाल कळवावं लागतं. अलीकडे फोनवर चेहरा दाखवून तो देता येतो, आणि साहेबांना ते छान जमतं. गेल्या खेपेला माझा दाखला राजहंसगडाच्या तटावर निघाला. वारा भणाणलेला, केस तोंडावर, घामानं कपाळ चमकतंय, आणि साहेब फोन धरून ओरडताहेत, ‘डोळे मिचकवा! परत मिचकवा! हलू नका!’ तिकडं 2023 मध्ये बसवलेल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याबरोबर फोटो काढायला आलेली कॉलेजची पोरं थांबून बघायला लागली. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा सरकारनं मान्य केलं. मिस्त्रींनी हात जोडून माझं अभिनंदन केलं.

कुरबुरी आहेत, नाहीत असं नाही. एक जण छोटा स्पीकर आणून जुनी गाणी लावायचे, त्यावरून दोन तट पडले. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी फुलांची चित्रं टाकणाऱ्यांना काकांनी एकदा नाव घेऊन झापलं, ते रुसले, पंधरा दिवसांनी परत आले आणि आता संध्याकाळी चित्रं टाकतात. कुणाचा कंपू कुणाबरोबर, कुणी कुणाला पुढची सीट धरली नाही, हे सगळं शाळेतल्यासारखंच चालतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. कुणी आपल्यावर रुसावं इतकी जवळीक साठीनंतर नव्यानं होते, हेच मला अजून नवल वाटतं. जुने मित्र आपल्याला जुन्या हिशेबानं ओळखतात, कोण वर्गात पहिला, कुणाचं लग्न कसं ठरलं. ह्या लोकांना माझं काहीच माहीत नव्हतं. मी उतरणीला घाबरते आणि आल्याचा चहा घेत नाही, इथपासून त्यांची सुरुवात.

डिसेंबरात अक्कांनी गुडघा बदलून घेतला. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं. जिन्याचा धडा फिजिओथेरपिस्टनं शिकवला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. घरी आल्यावर त्यांनी तो आम्हाला शिकवला, आमचे गुडघे जागेवर असताना. त्यानंतरचे काही रविवार आम्ही डोंगर सोडून महांतेश नगरात त्यांच्या गल्लीत चाललो. अक्का वॉकर घेऊन पुढे, आम्ही सगळे मागे, काका सगळ्यात शेवटी. एवढी माणसं संथपणे, एका रांगेत जाताना बघून समोरच्या बंगल्यातल्या बाई घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या, कोण गेलं म्हणून विचारायला.

आता अक्का काठीवर आल्यात. मिस्त्रींनी त्यांची काठी दोन बोटं कमी करून आणली. नव्या गुडघ्यानं त्या सरळ उभ्या राहतात की वाकून, यावर त्यांचं आणि साहेबांचं एकमत नव्हतं, आणि शेवटी परत दोन बोटं लांब नवी करून आणावी लागली. परवा सगळे त्यांच्या घरी जमलो होतो. अक्का म्हणाल्या, राजहंसगड. डॉक्टरांनी हो म्हटलंय, पण सावकाश. साहेबांनी सुचवलं, गडापर्यंत डांबरी रस्ता आहे, गाडी करू, वरच्या वर फिरू.

‘गाडीनंच जायचं असतं तर जुना गुडघा काय वाईट होता?’ अक्कांनी विचारलं. मग त्या काकांकडे वळल्या. ‘मी नव्हते तेव्हा पुढं कोण चालत होतं?’

‘बुवा,’ काका म्हणाले.

‘गात गात?’

‘होय की.’

‘म्हणजे पोचत होता तरी काय तुम्ही?’ अक्का म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराकडे बघून सुनेला चहाचे कप मोजून सांगितले, त्यातला एक बिनआल्याचा.